काटेसाहेबांचं प्रमाणवजन

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासायच्या खात्यात एकतीस वर्षं काढल्यावर बाजाराने त्यांना ते नाव दिलं, आणि बाजाराने दिलेलं नाव माणसाला जन्मभर सोडत नाही. भाजीवाला असो, सराफ असो की कोळशाचा वखारवाला, साहेब हातात लाकडी पेटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसले की सगळ्यांचं धाबं दणाणायचं. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळेची प्रमाणवजनं असत. साहेब आधी ती दुकानदाराच्या काट्यावर ठेवत, चष्मा पुसत, काट्याकडे टक लावून बघत आणि मगच तोंड उघडत. काटा बरोबर असला तर "चालू द्या", नसला तर "खोटं". तिसरा शब्द त्यांच्या तोंडून बाजाराने कधी ऐकला नाही.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि वर्षभरात त्यांच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय संपावर गेले, बोलणं जवळजवळ बंद पडलं. आता बाईंचंच बोलणं जावं हा नशिबाचा फारच वाह्यात विनोद होता, कारण बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जुळवून दिली होती. झटक्यानंतर बाकीचे शब्द डोक्यात कुठेतरी अडकून बसले, पण तोंडात मुरलेली तीन वाक्यं मात्र अगदी स्वच्छ, खणखणीत बाहेर पडत. "नमस्कार, कोण हवंय?" "थांबा, जोडून देते." आणि "लाइन व्यस्त आहे."

डॉक्टर म्हणाल्या की असं होतं, वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं कधी कधी तेवढं वाचतं. मग बाईंनी या तीन वाक्यांवर सगळा संसार चालवायला घेतला. भूक लागली की "कोण हवंय?" उशी सरकवायची असली की "जोडून देते." आणि व्यायाम नको असला, औषध नको असलं, नवरा नको असला की "लाइन व्यस्त आहे." हे तिसरं वाक्य घरात सगळ्यात जास्त ऐकू यायचं.

बायकोच्या सेवेचा सगळा कारभार साहेबांनी एकहाती ताब्यात घेतला. भिंतीवर वेळापत्रक लागलं. सकाळी सहाला औषध, साडेसहाला कूस बदलणं, सातला अंग पुसणं, साडेसातला खुर्चीत बसवणं, आणि असंच पुढे दिवे मालवेपर्यंत. बाईंना गिळायला त्रास व्हायचा, म्हणून पाण्यात पावडर घालून ते दाटसर करून द्यावं लागे. साहेब ती पावडर ग्रॅममध्ये मोजत. आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी हात दहा वेळा वर उचला म्हटलं की साहेब दहा मोजत, आणि अकराव्यांदा हात उचलला गेला तर तो बेकायदा ठरवत.

डॉक्टरांनी दिवसातून दोनदा रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितलं होतं. औषधांच्या दुकानातून बटणाचं यंत्र आणलं. पण दुकानदाराने "एकदम बरोबर आहे हो" म्हणून दिलेल्या यंत्रावर काटेसाहेब विश्वास ठेवणार? यंत्र आधी तपासायला हवं आणि तपासायला प्रमाण हवं. प्रमाण म्हणजे ज्याच्याबद्दल शंकाच नाही अशी वस्तू. साहेबांनी घरभर नजर फिरवली. एकतीस वर्षांत आजारपणाची एक रजा न घेतलेला, शिस्तीचा, निर्व्यसनी असा एकच माणूस त्यांना घरात दिसला, तो म्हणजे ते स्वतः.

झालं! वहीत तीन रकाने आखले गेले. पहिला 'प्रमाण', दुसरा 'नमुना', तिसरा 'फरक'. रोज सकाळ-संध्याकाळ साहेब आधी पट्टा आपल्या दंडाला बांधत, आकडा पहिल्या रकान्यात लिहीत, मग बाईंच्या चांगल्या, म्हणजे डाव्या हाताला बांधत आणि दुसरा आकडा लिहीत. शेवटी वजाबाकी. या वहीचा त्यांना इतका अभिमान होता की आल्यागेल्याला चहाआधी वही दाखवली जाई.

आता या प्रमाणाची खरी अवस्था काय होती ते सांगायला हवं, कारण साहेब स्वतः ते जन्मात सांगणार नाहीत. आठ महिन्यांत त्यांनी एकही जेवण बसून केलं नव्हतं. बाईंच्या ताटात उरलेलं ओट्याशी उभं राहून खायचं, तेही हातात फडकं घेऊन. बाईंना उचलून उचलून कंबर धरली होती. पायऱ्या चढताना मध्येच थांबून ते कठड्याचा रंग तपासल्यासारखं करत. डोकं रोज दुपारी ठणकायचं. रात्री बाईंनी हुं केलं तरी ते उठून बसत, आणि हुं केलं नाही तर का केलं नाही ते बघायला उठत. डोळ्यांच्या तपासणीची तारीख टळून पाच महिने झाले होते. व्यायामताईंनी एकदा सरळ विचारलं, "काका, तुमची तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे," साहेब म्हणाले.

"लाइन व्यस्त आहे," खुर्चीतून बाई म्हणाल्या. साहेबांनी बाईंना व्यायाम नको असेल म्हणून पाच मिनिटं विश्रांती दिली.

मदत मिळत नव्हती असंही नाही. बाईंची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. रोज दोनशे मुलांचं जेवण, सगळं अंदाजपंचे, आणि वीस वर्षांत एकदाही अळणी नाही की करपलं नाही. ती मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. दुपारी काम संपलं की ती येऊन दारातच म्हणायची, "भाऊजी, मी बसते ताईजवळ. तुम्ही जरा फिरून या, नाहीतर पडा तरी."

साहेब तिची परीक्षा घेत.

"पाण्यात पावडर किती घालशील?"

"पुरेशी."

"पुरेशी म्हणजे किती ग्रॅम?"

"अहो, पाणी दाट दिसेपर्यंत! पुरेशी म्हणजे पुरेशी."

मेहुणी नापास व्हायची. तिला चहा मिळायचा, वही बघायला मिळायची, पण ताईची जबाबदारी काही मिळायची नाही. ती जिना उतरताना स्वतःशी जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हिवाळा सरता सरता वहीतला तिसरा रकाना बिघडू लागला. आधी फरक दहा-बाराचा असायचा, तो वीस झाला. मग तीस. एका मंगळवारी बेचाळीस. प्रमाण एकशे सत्तर, नमुना एकशे अठ्ठावीस. म्हणजे बायकोचा रक्तदाब बेचाळिसाने कमी! बाई बिचाऱ्या खिडकीशी बसून मजेत कबुतरं बघत होत्या, पण आकडे खोटं बोलत नाहीत. औषध जास्त होतंय, हिचा जीव आतल्या आत खाली चाललाय, आणि हिला सांगताही येत नाहीये, अशी त्यांची खात्रीच पटली. त्यांनी त्याच दिवशीची वेळ घेतली. चाकाची खुर्ची गाडीत घालायला दोन माणसं लागतात, म्हणून नाइलाजाने मेहुणीला बरोबर घेतलं.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी बाईंना तपासलं, डावा हात दाबायला लावला, उजव्या पायाची बोटं हलवून घेतली आणि म्हणाल्या, "छान सुधारणा आहे. काय अडचण?"

साहेबांनी वही पुढे केली. "बघा. बेचाळीस! हिचं औषध ताबडतोब कमी करा."

डॉक्टरांनी पानं उलटली. मागे गेल्या, पुढे आल्या. चष्मा कपाळावर चढवला.

"हा 'नमुना' म्हणजे या?"

"हो."

"यांचा रक्तदाब उत्तम आहे. मला हवा तसाच. आणि हे 'प्रमाण' कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"यंत्र तपासायला प्रमाण लागतंच ना. मला काही झालेलं नाही, म्हणून मी."

डॉक्टरीणबाईंनी आपलं जुनं पाऱ्याचं यंत्र ओढलं, साहेबांची बाही वर केली आणि दोनदा मोजलं, एकदा बसवून आणि एकदा आडवं करून. दोन्ही वेळा एकशे सत्तरच्या वर.

"तुमच्या खात्यात ती पितळेची वजनं असायची," त्या म्हणाल्या, "ती कोण तपासायचं?"

"वरची प्रयोगशाळा. दर वर्षी. मी स्वतः पेटी घेऊन जायचो." साहेबांना या प्रश्नाचं फार बरं वाटलं. "वापरून वापरून वजन झिजतं. प्रमाण म्हणून मिरवणारं झिजकं वजन सगळ्यात घातक, कारण मग सगळा बाजारच चुकीचा तोलला जातो."

एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा एखाद्या रंगेहाथ पकडलेल्या दुकानदारासारखा झाला.

मेहुणीला आधी हसू फुटलं. मग ते पार दवाखान्याच्या व्यायामखोलीपर्यंत ऐकू गेलं. "अगं बाई! भाऊजी म्हणजे खोटं वजन! आठ महिने आमच्या ताईला खोट्या वजनाने तोललं!"

"थांबा, जोडून देते!" बाईही खुर्चीत डुलून डुलून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेबांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची साहेबांच्या जवळ ओढली. "हे बघा, मी सरळ सांगते. असंच चाललं तर तीन-चार महिन्यांत यांच्या शेजारच्या खाटेवर तुम्ही असाल. मग यांना कोण उचलणार? माझ्याकडे असे पुष्कळ नवरे येतात, बायका येतात, मुली येतात. सेवा करता करता स्वतः आडवे होतात. औषध मी लिहून देते, पण नुसत्या औषधाने भागणार नाही. रोज चाळीस मिनिटं चालायचं, एकटं. एक जेवण बसून. दुपारी झोप. आणि रोज दोन तास यांना दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायचं. तीन आठवड्यांनी आकडे खाली आले नाहीत तर मी तुम्हाला भरती करून घेणार आहे. विनंती करत नाहीये."

"आकडे मी लिहीन," साहेब म्हणाले.

"तुम्ही नाही. स्वतःचा काटा स्वतः तपासायला तुम्ही कुठल्या दुकानदाराला परवानगी दिलीत?"

साहेब चष्मा पुसू लागले. तेवढ्यात बाईंनी डावा हात पुढे केला आणि डॉक्टरांच्या मांडीवरची वही ओढून आपल्या मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून घरात उलटी व्यवस्था सुरू झाली. साहेब खुर्चीत आणि तपासनीस बाई. एका हाताने दंडाला पट्टा बांधणं ही सोपी गोष्ट नाही. बाई पट्टा गुडघ्यावर पसरत, साहेबांचा हात त्यावर ठेवायला लावत, दातांनी एक टोक धरत आणि डाव्या हाताने दुसरं ओढत. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. साहेब मदतीला हात पुढे करत, की त्यावर फटका बसे. बटण दाबलं, यंत्र गुरगुरलं, आकडा आला. तो वाचायचा कसा? व्यायामताई समोरच बसल्या होत्या. बाईंनी यंत्राकडे पाहिलं, पाठ ताठ केली, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाल्या, "एक-सहा-आठ."

एकशे अडुसष्ट त्यांना म्हणता आलं नसतं. पण नंबर म्हणून एक-सहा-आठ आला, सव्वीस वर्षं रोज हजारदा येत होता तसा. व्यायामताईंनी टाळ्याच वाजवल्या. साहेबांनी रुमाल काढून यंत्राची काच पुसली, जी अगदी स्वच्छ होती.

बाई आता दुसऱ्याच बाई झाल्या. सकाळी उठल्या उठल्या यंत्राकडे बोट. साहेब ओट्याशी उभे राहून खायला लागले की चमच्याने टेबलावर ठकठक. दुपारी खाटेकडे बोट, आणि साहेब डोळे मिटून नुसते पडलेत की खरंच झोपलेत ते बघायला नाकाशी हात. डाव्या हाताने लिहिलेले वहीतले आकडे वेडेवाकडे, पण ठसठशीत. आठ महिने ज्या बाईची कूस बदलली जात होती, ती बाई आता घर चालवत होती. एकदा तर साहेबांनी चुकून भिंतीवरच्या वेळापत्रकात काही फिरवायला घेतलं, तर बाईंनी कागदच उपटून काढला.

आणि मेहुणी रोज दोन तास येऊ लागली. पहिल्या दिवशी साहेबांनी तिला पावडर मोजायचा चमचा, वही, फोन नंबर, इस्पितळाचा पत्ता आणि एकोणीस सूचना दिल्या. मग बूट चढवले. कालव्याच्या काठाने पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, बरोबर चाळीस मिनिटं. बाईंनी खिडकीतून हात केला.

साहेब समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेले, लाँड्रीच्या आडोशाला वळले आणि थांबले. तिथून घराची खिडकी स्पष्ट दिसायची.

खरं सांगायचं तर त्यांचा पाय पुढे उचलेना. खिडकीकडे बघत ते चाळीस मिनिटं तिथेच उभे राहिले. बाईंचं डोकं दिसलं की जीव भांड्यात पडायचा, दिसेनासं झालं की पुन्हा घशाशी यायचा. ठरलेली वेळ झाल्यावर कपाळावरचा नसलेला घाम पुसत ते घरी आले. "फार छान हवा होती पुलावर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी लाँड्रीवाल्याने आतून स्टूल आणून ठेवलं.

"साहेब, बसा. कुणावर पाळत ठेवताय?"

"घरावर."

"काही चोरी झालीय?"

"व्हायची आहे," साहेब म्हणाले, आणि स्टुलावर बसून खिडकीकडे बघत राहिले.

आकडे खाली येईनात. औषधाने थोडे उतरले आणि मग अडून बसले. दोन आठवडे गेले. एक-सहा-दोन, एक-सहा-चार. डॉक्टरांची मुदत सहा दिवसांवर आली. आपल्याला इस्पितळात ठेवलं तर हिचं काय, या एका विचाराने साहेबांना रात्री झोप येईना, आणि झोप न आल्याने आकडा आणखी वर गेला.

त्या दिवशी ते लाँड्रीवरून परतले तेव्हा मेहुणी आत भांडी विसळत होती. बाईंनी पट्टा बांधला. आता त्यांना दोनच मिनिटं लागत. यंत्र गुरगुरलं.

"एक-सहा-सहा," बाई म्हणाल्या आणि पेन्सिल उचलली.

साहेबांनी आत कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "एक-तीन-सहा लिही."

बाईंनी वर बघितलं.

"अगं, एक आकडा तर बदलायचाय. डॉक्टरांना काय कळणार? मी बरा आहे. मला फक्त इथे राहू दे." एकतीस वर्षांत ज्या माणसाने अर्ध्या ग्रॅमला माफी दिली नव्हती, तो माणूस तीस आकडे गिळून टाक म्हणून बायकोची विनवणी करत होता.

बाईंचे ओठ हलले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मान लाल झाली. आतून काहीतरी वर ढकलत आणावं तसा घसा हलला.

"खोटं," बाई म्हणाल्या.

टेलिफोनच्या तीन वाक्यांतला हा शब्द नव्हता आणि आकडाही नव्हता. आठ महिन्यांत त्यांनी स्वतः शोधून आणलेला हा पहिला शब्द होता. आत भांड्यांचा आवाज थांबला. बाईंनी पेन्सिल साहेबांच्या बुटांकडे वळवली. बूट कोरडे, स्वच्छ होते. कालव्याच्या काठचा चिखल दोन आठवड्यांत एकदाही घरात आला नव्हता, आणि खुर्चीत बसणाऱ्या बाईला दिवसभर सगळ्यांचे पायच दिसतात.

"खोटं," त्या पुन्हा म्हणाल्या, या खेपेला जरा सहज.

साहेब खुर्चीवरून खाली जमिनीवरच बसले. त्यांना रडू आलं. ते आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, पण आठ महिन्यांचं तुंबलेलं ते थोडंच आवरतं?

"मी कुठेही जात नाही," ते म्हणाले. "लाँड्रीशी बसतो. मला जाता येत नाही गं. त्या दिवशी मी गेलो होतो ना! तू स्वयंपाकघरात पडलीस तेव्हा मी फळवाल्याशी हुज्जत घालत होतो. निवृत्त झालेला माणूस मी, मला काय करायचं होतं त्याच्या काट्याशी? पाऊण तास भांडलो. आणि त्याचा काटा बरोबर होता. अगदी बरोबर होता. मी घरी असतो तर अर्ध्या तासात तुला नेलं असतं. तुझा हात... तुझं बोलणं..."

ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. डॉक्टरांना ते 'बाजारात होतो' एवढंच म्हणाले होते. बाईंना आता रागवायचा पुरता हक्क होता, आणि साहेब मान खाली घालून त्याचीच वाट बघत होते. त्यांच्या डोक्यावर हात आला, डावा. टकलावरून मागे, मानेपर्यंत, आणि परत. या आठ महिन्यांत साहेबांनी बायकोला उचललं होतं, पुसलं होतं, भरवलं होतं, पण त्यांच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं, आणि ते आणखीच हमसून रडायला लागले. "मी बघायला हवं होतं, मी निघताना तुला विचारायला हवं होतं, मी..."

"लाइन व्यस्त आहे," बाई ठामपणे म्हणाल्या.

दारात उभी राहून डोळे पुसणारी मेहुणी फस्सकन हसली. साहेबांनाही हसू आलं, रडता रडताच, आणि त्यात उचकी लागली. बाईंनी वही ओढून एक-सहा-सहा लिहिलं, ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी बूट घातले. सूचना एकही दिली नाही, कारण मेहुणीने तोंडावर बोट ठेवलं होतं. लाँड्रीपाशी पाय आपोआप अडखळले. लाँड्रीवाला स्टूल आणायला वळला, तेव्हा साहेब घाईने "आज नको" म्हणाले आणि कोपरा ओलांडून गेले. पाठीमागे खिडकी होती, ती आता दिसणार नव्हती. पहिली दोनशे पावलं त्यांनी कशी टाकली ते त्यांचं त्यांनाच माहीत. प्रत्येक पावलाला वाटत होतं की आत्ता काहीतरी झालं असेल, आत्ता ती पडली असेल, मेहुणीचा घाबरा आवाज इथवर ऐकू येईल.

कालव्यात बदकं होती. एक म्हातारा पाण्यात गळ टाकून शांत झोपला होता. साहेब पुलापर्यंत गेले, कठड्याला टेकले आणि त्यांनी पाण्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना जाणवलं की आपलं डोकं दुखत नाहीये. मग ते दुखत नाहीये म्हणून थोडा वेळ आणखी थांबले. खाली उतरून बदकं मोजली. परत मोजली. ती जागच्या जागी राहत नव्हती, आणि साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. काठाने येताना बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरले.

घड्याळ बघितलं तेव्हा तब्बल पंचावन्न मिनिटं झाली होती. ते जवळजवळ पळतच आले, जिना न थांबता चढले. वरच्या पायरीवर थांबून कानोसा घेतला. आत अगदी शांतता होती. त्यांनी दार ढकललं.

जमिनीवर वाटाण्यांच्या शेंगा पसरल्या होत्या. दोघी बहिणी टेबलाशी समोरासमोर बसून तोंड उघडायची फुरसत नसल्यासारख्या शर्यतीने वाटाणे सोलत होत्या. बाई डाव्या हाताने, शेंग मनगटाखाली दाबून धरून. त्यांच्या वाटीत मेहुणीच्या निम्मे वाटाणे होते आणि कपाळावर घामाचे थेंब. साहेब दारात उभे आहेत, धापा टाकताहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

साहेबांनी एक बूट काढला. तो आपटला, तेव्हा कुठे बाईंनी मान वर केली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. खेळ मध्येच मोडल्यावर होतं तसं त्यांचं तोंड वाकडं झालं. मग ओठ हलले, घसा हलला, आणि शब्द आला.

"एवढ्यात?"

मेहुणीच्या हातातली शेंग खाली पडली. साहेब एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत तसेच उभे राहिले. पंचावन्न मिनिटं ते घरात नव्हते, आणि घराला ती कमी पडली होती. इतका आनंद त्यांना गेल्या आठ महिन्यांत कशानेच झाला नव्हता.

"चुकलंच," ते म्हणाले. वाकून त्यांनी काढलेला बूट पुन्हा पायात चढवला, नाडी नीट बांधली, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरून गेले.